बयाबाई घरत, क्रमांक १८७

माहेर म्हटलं की दारात कुणी तरी उभं असतं, पायांवर पाणी घालतं, निघताना पिशवीत काही तरी कोंबतं. बयाबाई घरतांच्या माहेरात औषधालासुद्धा माणूस नव्हतं. तरी ही बाई महिन्यातून एकदा नेमाने माहेरी जायची आणि येताना पिशवी भरून आणायची. काय आणायची, तर पाला. निदान त्यांचे यजमान नामदेव तरी त्याला पालाच म्हणायचे.

हे माहेर म्हणजे खडपबेट. न्हावा शेवाला कंटेनरची जहाजं लागतात, त्यांच्या वाटेच्या पार पलीकडे पाण्यातून एक काळी टेकडी वर आलेली दिसते, तेच. तिथे लाँच जात नाही, धक्का नाही, नकाशात ठिपका आहे पण त्याला नाव नाही. एके काळी तिथे अकरा घरं होती, नाचणीचे तुकडे होते, गोड्या पाण्याचं तळं होतं. बासष्ट सालच्या उधाणात तळ्याचा बांध फुटला आणि खारं पाणी आत शिरलं ते शिरलंच. प्यायलाच पाणी नाही तर माणसं राहतील कशी? वर्षभरात अकराही घरं उठली आणि खाडीकाठच्या गावांत पांगली. तेव्हा बया तेरा वर्षांची होती.

पुढे लग्न होऊन ती ज्या गावात आली, त्या गावची शेतं आणि मिठागरं नव्या शहरात गेली. गावाच्या मागे जुईनगरच्या इमारती उभ्या राहिल्या. जमिनीच्या बदल्यात नामदेवांना बंदराकडच्या एका यार्डात पहारेकऱ्याची नोकरी लागली, आणि नवं कॉलेज निघालं तेव्हा सातवी पास बयाबाई तिथल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून चिकटल्या. बेडूक फॉर्मलिनमध्ये ठेवायचे, काचपट्ट्या धुवायच्या, पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्या गोळा करायच्या. काम तसं काही वाईट नव्हतं.

आता बारावीची पोरं म्हणजे काय चीज असते ते सांगायला नको. प्रॅक्टिकलला त्यांना हर्बेरियम द्यावं लागतं. म्हणजे झाडं दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, खाली नाव, गाव, तारीख लिहायची. कार्टी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जागी व्हायची. मग सोसायटीच्या कुंपणावरची सदाफुली, शेजारच्या काकूंची तुळस, जास्वंदीची एक फांदी, आणि तीही बुरशी धरलेली. साठ पोरांचे साठ गठ्ठे, पण झाडं मोजून पाच. बयाबाईंना ते बघवेना. झाडाचे असे हाल करायचे तर मग तोडायचं तरी कशाला, असं त्यांना मनापासून वाटायचं.

म्हणून नव्वद साली त्यांनी स्वतःच एक झाड दाबून पाहिलं. बेटावरचंच आणलं. मिठागरातल्या जुन्या फळ्या खाली-वर, मध्ये वर्तमानपत्रं, आणि वर घरचा पाटा. वर्तमानपत्रं कॉलेजच्या वाचनालयातली. तिथले शिपाईबाबा दोन-तीन दिवसांची शिळी झाली की त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. बेटावरच्या झाडांना खाऱ्या वाऱ्याची चव असते, ती लवकर वाळत नाहीत. बयाबाई ती आधी गोड्या पाण्यातून काढायच्या, आणि झाड ज्या घडीत दाबलं ती तशीच ठेवून पहिले आठ दिवस रोज तिच्या खाली-वरचे कागद बदलायच्या. पावसाळ्यात तर कागदांवरून इस्त्री फिरवून ते गरम करायच्या.

"आमच्या घरान मानसांच्या कपड्यांना इस्त्री नाय," नामदेव म्हणायचे, "पन पाल्याच्या पेपराला हाय."

"तुमी एक जागी गप पडून रहा," बयाबाई म्हणायच्या, "तुमच्यावरनं पन फिरवते."

बोलायचे असे, पण होडी वल्हवायला तेच. होडी न्हाव्याच्या बाजूला त्यांच्या बहिणीच्या दारात बांधलेली असायची. भरतीच्या पाण्यावर बेटाला लागायचं आणि सुकती लागली, म्हणजे पाणी उतरायला लागलं, की तासाभरात निघायचं. उशीर झाला तर खडपांवर, म्हणजे खडकांवर, होडी फुटते. नामदेव सावलीत विडी ओढत बसायचे आणि बयाबाई टेकडीवर चढायच्या. तिथलं एकेक झुडूप त्यांना लहानपणापासून माहीत होतं. कुठल्याच्या शेंगा खाल्ल्या, कुठल्याच्या पानांनी खरूज बरी केली, कुठल्याच्या काट्याने पाय फाडला, सगळं आठवत होतं. माणसं गेली होती, शेजारपाजार तसाच होता.

एक्याण्णव साली कॉलेजात गीतांजली मॅडम आल्या. साताऱ्याकडच्या, वनस्पतिशास्त्राच्या, जेमतेम पंचविशीच्या. आल्या आल्या त्यांनी कपाट आवरायला घेतलं आणि खालच्या कप्प्यात त्यांना एकतीस कागद सापडले. प्रत्येक झाड मुळापासून शेंड्यापर्यंत, एक पान पालथं, एक पान उताणं, फूल उघडं करून दाबलेलं. मॅडम तशाच जमिनीवर बसल्या.

"बयाबाई, हे कुणी केलंय?"

बयाबाईंना वाटलं, कपाट अडवलं म्हणून आता बोलणी बसणार. "मीच ठेवलेत मॅडम. आजच घरी नेते."

"घरी न्यायचं नाव काढू नका," मॅडम म्हणाल्या. "आजपासून प्रत्येकाला नंबर घालायचा. आणि प्रत्येक झाडाचे दोन नमुने करायचे, एक इथे, एक तुमच्याकडे. संग्राहक म्हणून तुमचं नाव, आणि नंबर तुमचा. तो पुढे कधीच बदलत नाही."

नंबर आपला, आणि तो कधी बदलत नाही! सरकारने आजवर त्यांना रेशनकार्डाचा, सातबाऱ्याचा, प्रकल्पग्रस्ताचा असे कितीक नंबर दिले होते, आणि दर खेपेला साहेब नवा आला की नंबरही नवा व्हायचा. बयाबाईंनी त्याच दिवशी एकतीस चिठ्ठ्या लिहिल्या. बत्तिसावं झाड आणलं तेव्हा मॅडमनी लेबल कसं लिहायचं तेही शिकवलं: स्थळ, जागा, दिवस.

इथेच ती चूक झाली. आणि गंमत म्हणजे पुढची पाच वर्षं ती कुणाच्या ध्यानातच आली नाही.

बयाबाईंनी दिवस लिहिला तो तिथीने. त्यांच्या लेखी बेटावर जायचा दिवस म्हणजे तिथीच. बापाने शिकवलेला हिशोब होता: तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन, सव्वादोनला पाणी पुरं. अष्टमी असेल तर सहा. इंग्रजी तारखेला विचारून होडी सुटत नाही. म्हणून चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, ‘भाद्रपद वद्य तृतीया. पानी सव्वादोन. तळ्याच्या वरल्या खडपात.’ मॅडम ती चिठ्ठी बघून टंकलेखित लेबल तयार करायच्या आणि पंचांगातून इंग्रजी तारीख घालायच्या. चिठ्ठी बयाबाईंकडच्या दुसऱ्या नमुन्यासोबत घरी ट्रंकेत जायची.

क्रमांक एकशे सत्त्याऐंशी सापडला तो त्र्याण्णव सालच्या भादव्यात. खडपाच्या कपारीतून एक बारीक वेल वर आलेला, आणि त्याला हिरव्या-जांभळ्या रंगाचे बोटाएवढे कंदील लागलेले. बेटावरची पोरं त्याला ‘दिवटी’ म्हणायची आणि त्याचा कांदा उकरून खायची. बयाबाईंनीही खाल्ला होता. एकतीस वर्षांनी त्यांना ती दिवटी दिसली, तेव्हा त्या खडपावर बसल्या आणि पोटभर रडल्या. मग नाक पुसलं, दोन नमुन्यांपुरते दोन वेल मुळासकट काढले, बाकीचे राहू दिले. पुन्हा गेल्या तेव्हा त्याच जागी वेल पिवळा पडला होता, शिंगांसारख्या जोडशेंगा तडकल्या होत्या आणि कापूस उडत होता. तो झाला क्रमांक दोनशे तीन.

गीतांजली मॅडमना फूल बघितल्यापासून चैन पडेना. हे कंदीलपुष्प त्यांच्या कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनाशी जुळत नव्हतं. पाकळ्यांची टोकं वेगळी, आतले केस वेगळे. त्यांनी घाई केली नाही. शहाण्णवच्या एप्रिलमध्ये बयाबाईंचे तीनशे बारा नमुने नीट बांधले आणि मुंबईच्या एका मोठ्या वनस्पतिसंग्रहालयात डॉ. रावसाहेब खर्डेकरांकडे पाठवले. रावसाहेब म्हणजे या विषयातला शेवटचा शब्द. ते हो म्हणाले की झाड नवं, आणि नाही म्हणाले की नाही.

जूनअखेरीला उत्तर आलं. मॅडमनी ते आधी मनात वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"वाचा की मॅडम," बयाबाई म्हणाल्या. "बेडूक बघितल्यासारखं काय करताय?"

मग मॅडमनी वाचलं. रावसाहेबांनी लिहिलं होतं की क्रमांक १८७ आणि क्रमांक २०३ एकाच कपारीतले, एकाच दिवशीचे आहेत, तीन ऑक्टोबर त्र्याण्णव. एकावर नुसत्या कळ्या-फुलं, शेंगेचा पत्ता नाही. दुसरा पूर्ण वाळून तडकलेला. एका जागी एका दिवशी असं घडणं शक्य नाही. ‘म्हणजे एक तर नमुन्यांची सरमिसळ झाली आहे किंवा लेबल अंदाजाने लिहिलं आहे. एका लेबलावर विश्वास ठेवता येत नसेल तर तीनशे बारांवर कसा ठेवायचा? आपल्या प्रयोगशाळेच्या परिचराचा उत्साह मी समजू शकतो, पण अशा संग्रहाला विज्ञानात पाला म्हणतात. महिन्याभरात खुलासा न आल्यास सर्व नमुने परत पाठवण्यात येतील.’

पाला हा शब्द बयाबाईंनी घरी हजारदा ऐकला होता आणि प्रत्येक वेळी हसण्यावारी नेला होता. त्या दिवशी तो त्यांना झोंबला. सहा वर्षं, तीनशे बारा झाडं, इस्त्री केलेले हजारो कागद, आणि हा माणूस म्हणतोय अंदाजाने लिहिलं.

"मी अंदाजानं एक अक्षर लिवलं नाय मॅडम."

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "पण दोन्ही चिठ्ठ्यांवर तीच तिथी होती, बयाबाई. मी स्वतः बघितली होती. भाद्रपद वद्य तृतीया."

बयाबाईंनी घरी जाऊन ट्रंक उघडली. खरंच, दोन्हीकडे तेच. स्वतःच्याच अक्षरात. दोनदा गेलो होतो हे तर पक्कं आठवत होतं. मग तिथी एकच कशी? पन्नाशीला टेकलो, डोकं चालेनासं झालं का आपलं? दोन दिवस त्या कॉलेजात कुणाशी धड बोलल्या नाहीत. नामदेवांनी एकदाही पाला म्हटलं नाही, आणि त्याचंच बयाबाईंना जास्त वाईट वाटलं.

तीस जूनच्या रविवारी घरी जावई येणार होता. अधिक महिना चालू होता, धोंड्याचा. जावयाला जेवायला बोलवायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मन थाऱ्यावर नसलं तरी कढई चढवावीच लागते. लेक सुचिता स्वयंपाकघरात मदतीला होती आणि जावई हरेश पाटावर बसून चेष्टा करत होता. पोरगा वाशीच्या बाजारात नोकरीला, तोंडाने फटकळ, पण सासूवर जीव.

"आई, आज अनारसे एकदम फर्स्ट क्लास जमलेत," तो म्हणाला. "मागच्या टायमाला अर्धे करपवले होते तुमी."

"कवा करपवले रं मी?"

"लग्न झालं त्याच वर्षी. पयला अधिक महिना आमचा. तुमी बेटावरनं आल्या त्या डायरेक कढईजवळ. हाताला माती तशीच. आणि तांब्यात ते कंदील लावून ठेवलेले, जांभळे-जांभळे. मी सुचिताला बोललो, तुजी आई पूजेला कंदील घेऊन आली काय."

बयाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. अनारसा करपायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"त्या वर्षी अधिक कुठला व्हता?"

"भादवा," सुचिता म्हणाली. "दोन भादवे आले होते ना आई. पहिल्या भादव्यात गणपती नाही म्हणून वाडीतली पोरं रडली होती."

दोन भादवे! आधी अधिक, मग निज. बयाबाई दोन्ही महिन्यांच्या वद्य तृतीयेला बेटावर गेल्या होत्या, आणि चिठ्ठीवर दोन्हीकडे नुसता ‘भाद्रपद’ लिहिला होता. लिहितील कशाला अधिक नि निज? पाण्याला ते कुठे कळतं? महिना कुठलाही असो, तृतीयेला भरती सव्वादोनलाच येते. आणि मॅडमनी भादवा म्हणजे गणपतीचा, असं धरून दोन्हींना त्याच महिन्यातली तारीख घातली. त्या बिचाऱ्या तरी काय करणार.

"झारा घे गो," बयाबाई लेकीला म्हणाल्या आणि तशाच तेलकट हातांनी ट्रंकेकडे धावल्या. हरेशला त्या दिवशी वाणात बत्तीस अनारसे मिळाले. त्याने कुरकूर केली नाही.

आठ जुलैला, सोमवारी, दोघी रावसाहेबांकडे गेल्या. बयाबाईंनी रजा टाकली होती आणि ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. रावसाहेब सत्तरीचे, किडकिडीत, भिंग गळ्यात अडकवलेले. त्यांनी मॅडमना खुर्ची दिली. बयाबाई उभ्याच राहिल्या.

मॅडमनी दोन भादव्यांचा खुलासा केला. आपली चूक आपल्या तोंडाने सांगितली, काही लपवलं नाही. रावसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खुलासा चांगला आहे," ते म्हणाले. "पण तीन वर्षांनी सुचलेला आहे. अधिक महिना होता हे कुठल्याही पंचांगात मिळेल. हा वेल त्याच महिन्यात तोडला, याला पुरावा काय? आणि मुळात कोणी तिथीने नमुने गोळा करतं का हो?"

"मी करते," बयाबाई म्हणाल्या.

रावसाहेबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "का?"

"बेटावर जायला पानी लागतं सर. आज वद्य अष्टमी. आठाची पाऊनपट सहा. म्हंजे भरती सकाळी सहाला झाली आनि संध्याकाळी परत सहाला. आता बारा वाजलेत. आता सुकती." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "खडपं उघडी पडली असतील. बघा तुमी."

खिडकीतून दोन इमारतींच्या मधून समुद्राची एक फट दिसत होती. रावसाहेब उठले, खिडकीशी गेले. खडक उघडे पडले होते आणि त्यांवर बगळे उभे होते. पंचवीस वर्षं त्या टेबलाशी बसून या माणसाने ते पाणी बघितलं होतं, पण पाण्याची वेळ कधी कुणाला तोंडावर सांगता येते हे त्यांना माहीत नव्हतं. ते परत आले आणि या खेपेला त्यांनी दुसरी खुर्ची स्वतः ओढून दिली.

"बसा. पण मला पुरावा हवाच आहे."

"तो पन आनलाय," बयाबाई म्हणाल्या आणि पिशवी उघडली.

घरी ठेवलेले दुसरे नमुने त्यांनी अजून जाड कागदावर चिकटवले नव्हते. ज्या वर्तमानपत्रात वाळले, त्याच वर्तमानपत्रात होते. त्यांनी पहिली घडी टेबलावर उघडली. फुलांचा वेल. वरच्या कोपऱ्यात तारीख, दोन सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णव, म्हणजे अधिक भादव्यातल्या तृतीयेच्या जेमतेम दोन दिवस आधीची. मग दुसरी घडी उघडली. जोडशेंगांचा वेल, आणि त्याखाली पानभर किल्लारीच्या भूकंपाची बातमी. एक ऑक्टोबर.

रावसाहेब टेबलावर वाकले. त्यांनी चिमट्याने फुलांचा वेल हळूच उचलला आणि भिंग डोळ्याला लावलं. ओल्या झाडाचा रस कागदात उतरतो आणि झाडाचा तपकिरी छाप कायमचा राहतो. वाळलेलं झाड नंतर कितीही कागदांत ठेवलं तरी तसा छाप उठत नाही. सप्टेंबरच्या कागदावर पानापानाचा, कंदिलाकंदिलाचा छाप होता. मग त्यांनी दुसरा वेल उचलला. भूकंपाच्या बातमीवर दोन शिंगांचा छाप होता, आणि तडकलेल्या शेंगेतला कापूस छापाच्या कडेला अजून चिकटलेला होता.

बराच वेळ त्यांचं भिंग त्या दोन कागदांवरून फिरत राहिलं. गीतांजली मॅडमनी बयाबाईंचा हात घट्ट धरला होता. बयाबाईंना मात्र आता भीती वाटत नव्हती. घड्या त्यांनी स्वतः घातल्या होत्या, त्यांत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.

"बाई," शेवटी रावसाहेब म्हणाले, "पाला हा शब्द मी परत घेतो. लेखी घेतो."

मग त्यांनी एकशे सत्त्याऐंशीची मूळ चिठ्ठी मागितली आणि लाल शाईचं पेन पुढे केलं. "लेबलावरचं काही खोडायचं नसतं. राहिलेला शब्द तेवढा वर लिहा. बाजूला आजची तारीख आणि सही. तुमचा नमुना आहे, दुरुस्तीही तुमच्याच हातची हवी."

बयाबाईंनी ‘भाद्रपद’च्या आधी लाल शाईने ‘अधिक’ लिहिलं, आठ जुलै घातली आणि सही केली. तोवर मॅडमना रडू आवरेनासं झालं होतं, आणि त्यांना ते लपवावंसंही वाटत नव्हतं.

ऑगस्टअखेर रावसाहेब स्वतः बेटावर आले. श्रावण वद्य तृतीयेचा शनिवार होता, पाणी तेच, सव्वादोनचं. होडीत पाय ठेवता ठेवता त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बाई, हा श्रावण अधिक की निज?"

"यंदा आषाढ अधिक झाला सर. श्रावन एकच हाय."

"नोंद करून ठेवा," रावसाहेब मॅडमना म्हणाले.

नामदेवांनी त्या दिवशी पाठ मोडेस्तोवर वल्हं मारलं. वाटेत एक कंटेनरचं अजस्र जहाज समोरून गेलं, त्याच्या लाटेने होडी उडाली आणि रावसाहेबांनी दोन्ही हातांनी फळी धरली. बेटावर पोहोचल्यावर मात्र ते पोरासारखे चढले. तळ्याच्या वरच्या खडपात, प्रत्येक कपारीत कंदील लागले होते. एक-दोन नव्हे, पन्नास-साठ वेल. सत्तरीचा तो माणूस गुडघ्यांवर बसला, वाकून एकेका कंदिलात बघत राहिला आणि शेवटी वर बघून म्हणाला, "नवी आहे. शंकाच नाही."

बयाबाईंनी त्यांना एक कांदा उकरून दिला. विज्ञानाने नाव ठेवायच्या आधीच रावसाहेबांनी तो पुसून खाल्ला आणि चव तुरट-गोड आहे असं वहीत लिहून घेतलं.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा रावसाहेबांनी वनस्पतीला बयाबाईंचं नाव द्यायचं ठरवलं होतं. तसं पत्रही आलं. बयाबाईंनी उलटटपाली कळवलं की सर, मला माझा नंबर मिळालाय, तेवढा पुरे. नाव बेटाचं द्या. नकाशात तिथे नुसता ठिपका आहे. अकरा घरं होती तिथे, कुणाच्या लक्षात नाही.

अठ्ठ्याण्णव साली दिवटीचं शास्त्रीय नाव छापून आलं आणि त्यात खडपबेट होतं. रावसाहेबांनी घरतांना जोडीने बोलावलं. संग्रहालयाच्या लोखंडी कपाटात लाल कडेच्या फायलीत क्रमांक १८७ ठेवला होता. जगात कुणालाही या झाडाबद्दल खात्री करायची असली तर याच एका कागदाशी यावं लागणार, असं रावसाहेबांनी नामदेवांना समजावून सांगितलं. नामदेव टोपी हातात घेऊन ऐकत होते. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात इंग्रजी लेबल होतं आणि त्याच्या शेजारी, जशीच्या तशी चिकटवलेली, बयाबाईंच्या हातची चिठ्ठी. नामदेवांनी बोट न लावता, अक्षर अक्षर जोडत ती वाचली.

‘खडपबेट. अधिक भाद्रपद वद्य तृतीया. पानी सव्वादोन. तळ्याच्या वरल्या खडपात. बयाबाई नामदेव घरत, क्रमांक १८७.’

"अगो," ते हळूच म्हणाले, "ह्यान माजं पन नाव हाय."

"मग? वल्हं कोनी मारलं?" बयाबाई म्हणाल्या.

नामदेवांनी चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग मागे सरून त्यांनी टोपी नीट डोक्यावर चढवली आणि रावसाहेबांना सांगितलं, "सायेब, कपाटाला कुलूप नीट लावा. आमच्या बाईचं माहेर हाय त्यान."